परतीचा ठोका

लिफ्टमध्ये अडकलेला माणूस आधी मला शिव्या देतो. मग जरा निवतो आणि विचारतो, "मॅडम, दोरी तुटणार नाही ना?" मी सांगते, दोरी एक नसते, पाच-सहा असतात, पोलादी असतात, आणि तुमच्यासारखे दहा जण आत कोंबले तरी त्यांना काही होत नाही. भिंतीला टेकून बसा, माणूस निघालाय. लिफ्ट कंपनीच्या तक्रारींच्या फोनवर माझं निम्मं आयुष्य गेलं. माझी जीभ तिखट आहे असं सगळे म्हणतात. असेना का. गोड बोलणारीला अडकलेला माणूस दर मिनिटाला फोन करतो, मला एकदाच करतो.

मी लोकांना सांगायचे तो 'निघालेला माणूस' म्हणजे बहुतेक वेळा आमचे हे आणि यांचा धाकटा भाऊ. कंपनीत सगळे धाकट्याला बारक्या म्हणायचे. मी लग्न होऊन आले तेव्हा बारक्या शाळेत होता, माझ्या हातचं खाऊन मोठा झाला, त्यामुळे मी त्याला अरे-तुरेच करायचे. भाऊजी म्हणायचे ते फक्त डोकं फिरलं की. मी भाऊजी म्हटलं की तो आधी दाराकडे बघायचा.

त्यांच्या कामाची रीत सांगते, कारण सगळं तिथूनच सुरू होतं. लिफ्ट दुरुस्त करताना एक जण वर असतो, गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत. दुसरा खाली लिफ्टच्या टपावर उभा असतो, त्या उभ्या अंधाऱ्या पोकळीत, डोक्याला दिवा बांधून. वरच्याला खालचा दिसत नाही. तिथे मोबाइल लागत नाही, आणि कंपनीने दिलेले वॉकीटॉकी नुसते खरखरतात. म्हणून जुनी माणसं पान्याने बोलतात. लिफ्ट ज्या लोखंडी पट्टीला धरून वर-खाली होते तिच्यावर पाना ठोकायचा. आवाज लोखंडातून सरळ वर जातो. एक ठोका म्हणजे थांब, दोन म्हणजे वर घे, तीन म्हणजे खाली सोड.

पण ठोका आला म्हणून लगेच लिफ्ट हलवायची नसते. खालच्याने दोन दिले की वरच्याने दोन द्यायचे, म्हणजे, बाबा, दोनच म्हणालास ना? मग खालच्याने पुन्हा दोन द्यायचे. हा परतीचा ठोका. तो आल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही, मग खालचा कितीही बोंबलो. नवीन माणसाला हे पहिल्या दिवशी शिकवतात आणि तो विसरला तर त्याच दिवशी घरी पाठवतात.

हे दोघे सख्खे भाऊ. यांच्यात कसला आलाय परतीचा ठोका. यांना दुसऱ्या कुणाबरोबर पाठवलं तर हे नियमाला धरून चालायचे, अगदी साहेबाचा मुलगा खाली असला तरी ताटकळत बसायचे. खाली बारक्या असला की मात्र इकडे ठोका आला, तिकडे लिफ्ट हलली. "त्याचा हात मी ओळखतो," असं म्हणायचे. बाकीच्या जोड्या दुपारी डबा उघडायच्या तेव्हा यांचं काम आटपलेलं असायचं, आणि साहेब चार लोकांत म्हणायचा की जोडी असावी तर अशी. मलाही ते ऐकून बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

त्या दिवशी एका जुन्या इमारतीत दोन ठोके आले. ते यांनी ऐकले, जिना झाडणाऱ्या बाईनेही ऐकले, तेव्हा ठोके आले याबद्दल वाद नाही. यांनी लिफ्ट वर घेतली. बारक्या त्या वेळी टपाच्या कडेवरून वाकून भिंतीकडचा बोल्ट आवळत होता. वरची लोखंडी तुळई त्याच्या मानेखाली बसली.

आता वाकून बोल्ट आवळणारा माणूस 'वर घे' म्हणून कशाला सांगेल? आणि त्याने नाही सांगितलं, तर ठोके आले कुठून? चौकशीचा साहेब दवाखान्यात आला तेव्हा बारक्या म्हणाला, आठवत नाही. अपघात, असं लिहून साहेब निघून गेला. यांची नोकरी राहिली. पण यांनी आपणहून मशीनच्या खोलीची किल्ली परत केली आणि गोदामात सुटे भाग काढून द्यायचं काम मागून घेतलं. गोदाम चौथ्या मजल्यावर आहे. तेव्हापासून हे जिन्याने जातात, हातात मोटरचं खोकं असलं तरी.

आमच्या घराच्या इमारतीला लिफ्टच नाही. दवाखान्यातून बारक्याला घरी आणलं तेव्हा चौघांनी चादरीत घालून वर चढवलं, वळणावर त्याचं डोकं भिंतीला लागता लागता राहिलं. तो म्हणाला, "जन्मभर लोकांना वर-खाली केलं, आणि माझ्या वाट्याला हे चार हमाल." चौघेही हसले. आमचे हे हसले नाहीत.

पुढची खोली त्याला दिली. यांनी कुठल्याशा दवाखान्याच्या भंगारातून एक लोखंडी कॉट आणली. तिला पायाकडे हँडल होतं, ते फिरवलं की डोक्याकडची बाजू वर यायची. यांनी ती खरवडली, रंगवली, हँडलला ग्रीस दिलं. इतकं मऊ फिरायचं की कुरकुरसुद्धा नाही. बारक्याचे पाय गेले होते, डावा हात गेला होता, उजव्या हाताची बोटं चमचा धरण्यापुरती चालायची. बोलता यायचं, पण छातीत जोर नसल्यामुळे आवाज स्वयंपाकघरापर्यंत पोचत नव्हता. मी म्हटलं, घंटी आणते. त्याने नको म्हणून मान हलवली आणि चमच्याने कॉटच्या कठड्यावर दोन ठोके दिले. वर घे.

हे दारात उभे होते, पाण्याची बादली घेऊन. बादली तिथेच ठेवली आणि जिना उतरून गेले.

मी बारक्यावर तोंड सोडलं. "भाऊजी, तुम्हाला काही लाजलज्जा? तो माणूस दारात उभा आहे आणि तुम्ही हे ठोके देता?"

तो म्हणाला, "वहिनी, दोन म्हणजे वर घे हेच मला येतं. नवीन काही शिकायचं आता माझं वय आहे का?"

त्यात खोडी काढायचा विचार होता की खरंच साधेपणा होता, ते मला आजही सांगता येत नाही. ठोके मात्र तेच राहिले. दोन आले की मी हँडल फिरवायचे. मी कामावर असले आणि घरी हे एकटे असले, तर हे हँडलला हात लावायचे नाहीत. एकावर एक उशा कोंबून त्याला टेकवायचे. मी घरी यायचे तर बारक्या चार उशांच्या ढिगाऱ्यावर वाकडा झालेला असायचा, आणि मान दुखली तरी तक्रार करायचा नाही.

बाकी सगळं हेच करायचे. त्याचं हागणं-मुतणं काढायचे, अंग पुसायचे, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कूस बदलायचे, नखं कापायचे. बाईमाणसाला जमणार नाही इतक्या निगुतीने करायचे. पण त्याच्याशी बोलायचे नाहीत. पाणी हवं का, गोळी घेतली का, पंखा लावू का, संपलं. जे दोन भाऊ लिफ्टच्या टपावरून आणि गच्चीवरून दिवसभर लोखंडातून बोलायचे, ते एका खोलीत बसून भिंतीकडे बघायचे. माझं डोकं भणभणायचं. मी भांडी आपटायचे, त्याचाही उपयोग नव्हता.

मी यांना एकदा सरळच म्हटलं, "विचारा ना त्याला. ठोके तू दिलेस का, एवढंच विचारा. दिले म्हणाला तर सुटलात तुम्ही."

"आणि नाही म्हणाला तर?"

मी पुढची पोळी लाटायला घेतली.

"त्याने दिले नसतील, तर मी परतीच्या ठोक्याला थांबायला हवं होतं," हे म्हणाले. "मग तो या कॉटवर माझ्यामुळे आहे. ते ऐकून मी त्याला रोज हात कसा लावू?"

तेव्हापासून मला त्या घरात एकच गोष्ट हवी होती. बारक्याने जायच्या आधी यांना एकदा म्हणावं, दादा, तुझी चूक नव्हती. खरं असो, खोटं असो, म्हणावं. बारक्या किती दिवस काढणार हे दिसत होतं. तो गेल्यावर उरलेलं आयुष्य मला या माणसाबरोबर काढायचं होतं, आणि न बोलणाऱ्या माणसाबरोबर जगायची माझ्यात धमक नाही.

मी बारक्यालाही सांगून पाहिलं. त्याला भरवताना म्हटलं, "एक वाक्य बोल रे. तुझं काय जातंय?"

"त्याने विचारलंय का?"

"तो नाही विचारणार. आतल्या आत कुढून मरेल."

"मग न विचारलेल्याचं उत्तर मी कुठून देऊ? दे, डाळ दे, गार होतेय."

"माझ्यासाठी खोटं बोल."

"खोटं बोलून मेलो तर पुढच्या जन्मी तुझी जीभ मिळेल," तो म्हणाला. मी चमचा त्याच्या तोंडात खुपसला.

पण त्याच्या तोंडून 'पुढच्या जन्मी' निघालं आणि मला त्यांचा जुना खेळ आठवला. काम आटपलं की हे दोघे गच्चीवर मशीनच्या खोलीच्या सावलीत डबा खायचे, आणि माझी शिफ्ट जवळपास असली तर मीही जायचे. तिथे बारक्याने हा खेळ काढला होता. पुढच्या जन्मी या जन्मातलं एक ठेवायचं आणि एक बदलायचं. एकच. दोन ठेवतो म्हणणारा बाद. हे म्हणायचे, भूक ठेवीन, गुडघे बदलीन. बारक्या म्हणायचा, केस ठेवीन, साहेब बदलीन. मी म्हटलं होतं, जीभ ठेवीन आणि तुम्हा दोघांचे कान बदलीन, ऐकू येत असून तुमचा काही उपयोग नाही. त्यावर बारक्या घास अडकेपर्यंत हसला होता. अपघातानंतर तो खेळ कुणी काढला नव्हता.

पावसाळा सरला तशी बारक्याची छाती भरायला लागली. आडवा असला की घुसमटायचा, वर घेतला की जरा मोकळा व्हायचा. दुपारी येणारी सिस्टर मला जिन्यात घेऊन म्हणाली की दवाखान्यात न्या, नळ्या घालतील, थोडे दिवस मिळतील, फार नाही. मी बारक्याला विचारलं. तो म्हणाला, "हा जिना मी एकदाच उतरणार. परत त्या चौघांच्या तावडीत मला देऊ नको." यांना सांगितलं तर यांनी फक्त मान हलवली आणि दाढीचं सामान घेऊन त्याच्याजवळ बसले.

रविवारची दुपार होती. हे त्याच्या गालाला साबण लावत होते, मी स्टुलावर बसून चादरींच्या घड्या घालत होते. मी मनाशी सगळं ठरवूनच बसले होते. बारक्याकडे या जन्मातलं ठेवण्यासारखं होतं तरी काय? बायको नाही. जिच्याशी ठरलं होतं तिला त्यानेच सांगून टाकलं होतं की तुझ्या बापाला दुसरं घर बघू दे. पोर नाही, हात नाही, पाय नाही. एकच ठेवायचं म्हटल्यावर तो भावाशिवाय कुणाचं नाव घेणार? आणि ते नाव यांनी आपल्या कानांनी ऐकलं की झालं. तुझी चूक नव्हती हे वाक्य नसेना का, त्याच्याच जातीचं दुसरं वाक्य.

"बऱ्याच दिवसांत पुढचा जन्म खेळलो नाही," मी म्हटलं.

यांचा हात थांबला. बारक्याने माझ्याकडे रोखून पाहिलं. तो काही भोळा नव्हता.

"मी सांगते आधी. हे घर ठेवीन, जिना बदलीन." आणि यांच्याकडे वळून म्हटलं, "आता तुम्ही."

"मला नाही खेळायचं."

"वहिनीने डाव टाकलाय, दादा, आता सुटका नाही," बारक्या म्हणाला. मधे त्याला दम घ्यावा लागला. "बोल."

यांनी वस्तरा पाण्यात बुडवला. "बदलायचं तर माझे कान."

कुणी हसलं नाही.

"आणि ठेवायचं?" मी विचारलं.

"काही नाही."

"तसं चालत नाही," बारक्या म्हणाला. "एक ठेवावंच लागतं. नियम आहे."

"मग तू," हे म्हणाले. वस्तरा त्याच्या गालावर टेकवून, खाली बघत म्हणाले. बारक्याने गाल हलू दिला नाही. एक बाजू पूर्ण झाल्यावर तो बोलायला लागला, आणि आता मला वाटलं की जमलं.

"मी काम ठेवीन," तो म्हणाला. "हेच काम. आणि जोडीला दादा."

"हे दोन झाले," मी म्हटलं, पण मला आतून इतकं बरं वाटत होतं की चादर हातातून सुटली.

"एकच आहे. दादाशिवाय ते काम मी केलेलंच नाही." त्याने श्वास घेतला. "आणि बदलायचं ते हे, की पुढच्या जन्मी मी याचा भाऊ नको."

मी म्हटलं, "बारक्या."

"ऐक ना. मी परका असलो पाहिजे. दुसऱ्या गावाहून आलेला, कालच कामाला लागलेला, दादाला धड नावही माहीत नसलेला. मी परका असतो तर दादा थांबला असता. परतीचा ठोका येईपर्यंत थांबला असता. परक्यासाठी तो नेहमी थांबायचा." मग त्याने यांच्याकडे डोळे वळवले. "पाना निसटला होता, दादा. पट्टीवर दोनदा आपटला आणि खाली गेला. मी ओरडलो, ते मशीनच्या आवाजात तुला ऐकू येणार नव्हतं. एक ठोका द्यायचा होता, पण द्यायला हातात काही नव्हतं. मुठीने मारलं. मुठीचा आवाज होत नाही."

यांनी वस्तऱ्यावरचा साबण वाटीत झटकला. मग त्यांनी बारक्याची हनुवटी धरून चेहरा दुसऱ्या बाजूला वळवला आणि राहिलेली अर्धी दाढी केली. ओठावरचे केस अगदी हळू काढले. टॉवेल ओला करून चेहरा पुसला. वाटी धुतली, वस्तरा पुसून डब्यात ठेवला, चपला घातल्या आणि गेले.

दार लागल्याबरोबर मी उठले. "भाऊजी, वैऱ्याने केलं नसतं ते केलंत तुम्ही. मेलेल्याला मारलंत. तुमच्या जिभेला काही हाड?"

"डाव तू टाकलास."

"मी त्यांना सोडवायला टाकला."

"ते मला कळलं," तो म्हणाला. "तुला खोटं हवं होतं. पण तो मला रोज धुतो गं वहिनी. जो आपल्याला रोज धुतो त्याला खोटं कसं सांगायचं, ते मला जमलं नाही." त्याचे डोळे भरले होते आणि त्याला पुसता येत नव्हते. मला इतका राग होता की मी पुसले नाहीत. जरा वेळाने पुसले.

हे संध्याकाळी परत आले. थेट माळ्यावर चढले आणि कामाची जुनी पिशवी खाली काढली. त्यातला पाना काढला, चिंधीने गंज पुसला आणि कॉटच्या पायाशी स्टूल ओढून बसले. मला वाटलं, आता हे काय करतात देव जाणे. मी दारातून हलले नाही.

बारक्याने पान्याकडे पाहिलं. मग चमच्याने कठड्यावर दोन ठोके दिले.

यांनी पायाकडच्या लोखंडावर पान्याने दोन दिले आणि थांबले. बारक्याने चमचा उचलला. चमचा एकदा घसरला. हे बसून राहिले. मग पुन्हा दोन ठोके आले, कच्चे, पण नीट मोजता येतील असे. तेव्हा यांनी पाना मांडीवर ठेवला, दोन्ही हातांनी हँडल धरलं आणि फिरवलं. बारक्या हळूहळू वर आला. त्याने एक ठोका दिला, हे थांबले.

"बरोबर?" यांनी विचारलं.

"बरोबर."

त्या घरात इतक्या दिवसांत माझ्यादेखत यांनी त्याला विचारलेला तो पहिला शब्द होता, जो पाणी, गोळी, पंख्याचा नव्हता.

त्यानंतर मला हँडलजवळ फिरकूच देईनात. यांनी रजा टाकली. दिवसभर खोलीतून ठकठक ऐकू यायची, वर घे, थांब, खाली सोड, आणि दर वेळी तीनदा, नियमाप्रमाणे. बारक्या मुद्दाम वाह्यातपणा करायचा. दोन द्यायचा, यांनी दोन दिले की परतीला तीन द्यायचा. हे म्हणायचे, "नीट दे, नाहीतर साहेबाला सांगीन." मग दोघेही कुठल्यातरी इमारतीच्या, कुठल्यातरी खडूस म्हाताऱ्याच्या आठवणी काढून हसायचे, आणि बारक्याला हसण्याचा ठसका लागायचा. मी चहा घेऊन गेले की दोघे गप्प व्हायचे, जसे पूर्वी गच्चीवर व्हायचे. मी मेली ज्यांच्यासाठी जीव टांगून बसले त्यांना मी आड येत होते. पण मी एवढी चिडून एवढी सुखी कधी झाले नव्हते. त्याने भाऊ नको म्हटल्यावर हे दोघे पुन्हा भाऊ झाले, हे कसं, ते मला विचारू नका.

ती सकाळ मला नीट आठवते, कारण मी दूध ओट्यावर सांडलं होतं आणि ते पुसत होते. खोलीतून दोन ठोके आले. चमच्याचे. लगेच पान्याचे दोन गेले. हँडलचा आवाज येत नसल्यामुळे बारक्या वर आला की नाही ते स्वयंपाकघरात कळायचं नाही. मी ओटा पुसला, फडकं पिळलं. पुन्हा पान्याचे दोन ठोके आले. मला वाटलं, बारक्या सतावतोय. मी चहा गाळायला घेतला. पुन्हा पान्याचे दोन.

तेव्हा मी गाळणी टाकून बाहेर आले.

बारक्या सपाट पडला होता. तोंड उघडं, डोळे छताला. चमचा बोटांत होता आणि बोटं कठड्याला टेकलेली होती. हे पायाशी बसले होते, हातात पाना, सगळं लक्ष त्या चमच्यावर.

"अहो, वर घ्या त्याला."

"परतीचा यायचाय," हे म्हणाले.

"त्याला श्वास येत नाहीये. फिरवा हँडल."

"थांब. परतीचा येऊ दे. त्याला वेळ लागतो."

मी यांना ढकललं. स्टुलासकट बाजूला केलं आणि हँडल फिरवलं, जमेल तितकं भराभर. डोक्याकडची बाजू वर आली, तिच्याबरोबर बारक्या वर आला, आणि पूर्ण वर आल्यावर त्याची मान एका बाजूला कलंडली. चमचा बोटांतून सुटून चादरीवर पडला. त्याचा आवाज झाला नाही. मी त्याचे गाल थोपटले, हाका मारल्या, भाऊजी भाऊजी म्हणून हाका मारल्या. हे उठून माझ्या मागे उभे राहिले, पाना तसाच हातात.

सिस्टर आली. तिने डोळे मिटवले, छाती तपासली, आणि न विचारताच म्हणाली की लगेच वर घेतलं असतं तरी काही फरक पडला नसता. तिची नजर माझ्याकडे नव्हती. मी बरं म्हटलं. आणखी विचारलं असतं तर तिने खरं सांगितलं असतं, म्हणून मी विचारलं नाही.

तो जिना एकदाच उतरला, म्हणाला होता तसा. या वेळी चौघांत आमचे हे होते, पायाकडच्या बाजूला. वळणावर यांनी सगळ्यांना थांबवलं, नीट धरलंय का एकेकाला विचारलं, प्रत्येकाने हो म्हटल्यावर मगच पाऊल उचललं.

लोक आले, बसले, गेले. घर रिकामं झालं तेव्हा मी पुढच्या खोलीत डोकावले. कॉटवरची गादी काढलेली होती. हे जमिनीवर बसून हँडलला ग्रीस लावत होते, बोटाने, खाचेखाचेतून. मी म्हटलं, आता कशाला. त्यांनी ऐकलं नाही. मी चादर उचलायला वाकले तेव्हा त्यांनी विचारलं, माझ्याकडे न बघता.

"या वेळी मी थांबलो होतो ना गं?"

माझी जीभ तिखट आहे, जगाला माहीत आहे. त्या क्षणी तिच्यावर जे आलं होतं ते मी गिळलं.

"हो," मी म्हटलं. "थांबला होतात. तुमची चूक नव्हती."

त्यांनी मान हलवली आणि हँडल एकदा फिरवून पाहिलं. रिकामी कॉट वर आली.